न्यूयॉर्कला आई-बाबांसह: खोली ठरवण्यापूर्वीचा हिशेब

भारतातून आई-बाबा आले की उन्हाळ्यात एकदा न्यूयॉर्क ठरलेलेच. एम्पायर स्टेट, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर ही यादी सगळ्यांची सारखीच असते. उतरायचे कुठे, हा प्रश्न मात्र शेवटच्या क्षणी "स्वस्त कुठे मिळते?" एवढ्यावरच सुटतो. आजी-आजोबा, आपण दोघे आणि दोन मुले अशा सहा माणसांना तेवढे पुरत नाही.

आधी पैशांचे पाहू. न्यूयॉर्क शहरात खोलीच्या भाड्यावर विक्रीकर ८.८७५ टक्के आणि हॉटेलकर ५.८७५ टक्के, मिळून १४.७५ टक्के लागतात. शिवाय दर खोलीला दर रात्री साडेतीन डॉलर. म्हणजे २२० डॉलरची खोली पडते २५५ डॉलर ९५ सेंटला. दोन खोल्या, तीन रात्री धरल्या तर १३२० डॉलरचा अंदाज बांधून निघालेल्याच्या हाती १५३५ डॉलरचे बिल येते. 'डेस्टिनेशन फी'सारखी सक्तीची फी किमतीत आधीच धरून दाखवावी, असा फेडरल नियम १२ मे २०२५ पासून लागू झाला, पण सरकारी कर त्या आकड्यात नसले तरी चालतात. ते आपणच मिळवायचे.

सहा जणांसाठी एक अख्खे अपार्टमेंट घ्यावे, हा विचार न्यूयॉर्क शहरापुरता सोडून द्या. तिथल्या कायद्याची अंमलबजावणी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. त्यानुसार तीस दिवसांहून कमी मुक्कामासाठी घरमालक त्याच घरात राहत असला पाहिजे आणि पाहुणे दोनच.

राहिला नदीपलीकडचा पर्याय, जर्सी सिटी. जर्नल स्क्वेअरजवळ न्यूअर्क अव्हेन्यूवर आपली दुकाने आणि शाकाहारी खानावळी आहेत. आजीला रात्री गरम वरणभात मिळतो, ही गोष्ट लहान नव्हे. पण इथेही आकडेमोड हवी. जानेवारी २०२५ मध्ये 'पाथ' गाडीचे तिकीट ३ डॉलर झाले. त्या दराने सहा जणांचे जाण्यायेण्याचे ३६ डॉलर, तीन दिवसांचे १०८. दोन खोल्या आणि तीन रात्रींवर ते वाटले तर खोलीमागे रोज १८ डॉलर येतात. भाड्यातला फरक त्याहून कमी असेल, तर नदीपलीकडे राहून काही वाचले नाही. पाथचे तिकीट सबवेला चालत नाही, तो खर्च वेगळा.

मोटार नेणार असाल तर पारडे पुन्हा फिरते. मॅनहॅटनमध्ये पार्किंगवर बाहेरच्यांना १८.३७५ टक्के कर आहे, आणि ५ जानेवारी २०२५ पासून ६० व्या रस्त्याच्या दक्षिणेला दिवसा मोटार नेण्याचे ९ डॉलर सुरू झाले. मोटार जर्सीत ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुतळ्याची बोटही जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कातून सुटते. तिथे थेट मोटारने जाता येते.

आता प्रकृतीचा भाग. मला तो भाड्याहून महत्त्वाचा वाटतो. सबवेच्या निम्म्याहून अधिक स्टेशनांवर लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हॉटेलपासून स्टेशन दोन मिनिटांवर आहे, याचा उपयोग काय, जर पुढे तीन जिने उतरायचे असतील? पाथच्या जर्नल स्क्वेअर, वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि ३३ व्या रस्त्यावरच्या स्टेशनांवर लिफ्ट आहे. ख्रिस्तोफर स्ट्रीटला नाही. शनिवार-रविवारचे वेळापत्रक वेगळे असते, आधी पाहून घ्या.

दुसरी अडचण बाथटबची. घरी बादली-तांब्याने बसून आंघोळ करणाऱ्या माणसाला ओल्या टबाची उंच कड ओलांडणे अवघड जाते. फोन करून 'वॉक-इन शॉवर' आणि धरायला दांडा असलेली खोली मागा. वॉकर किंवा व्हीलचेअर लागत असेल तर १९९० च्या अपंगविषयक कायद्याखाली तशी खोली राखून ठेवणे हॉटेलवर बंधनकारक आहे.

इन्सुलिन घेणारे असतील तर फ्रिज आहे का ते विचारा, आणि बाटली बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवू नका. गोठलेले इन्सुलिन टाकून द्यावे लागते. स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर पथ्यही सांभाळले जाते. फोडणी मात्र जपून, धुराची घंटा हिंग-मोहरीची भीड ठेवत नाही!

दोन खोल्या घेताना 'कनेक्टिंग' हाच शब्द वापरा. 'अ‍ॅडजॉइनिंग' म्हणजे नुसती शेजारची, मधे दार नसलेली. रात्री आजोबांनी हाक मारली तर ती ऐकू यायला हवी.

आगाऊ पैसे भरून परत न मिळणारे आरक्षण थोडे स्वस्त असते. सोबत सत्तरीची माणसे असताना मी तरी ते घेत नाही. आदल्या दिवशी कुणाला ताप आला तर खोलीचे सगळे पैसे बुडतात, आणि पैसे बुडू नयेत म्हणून आजारी माणूसही मुकाट्याने गाडीत बसतो.