तोफ तीच, हुकूम कोणाचा?

परंड्याच्या किल्ल्यात एके काळी मुलूख-मैदान तोफ होती. 1549 मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी यांनी अहमदनगरला ओतलेली ही तोफ 1632 मध्ये विजापूरला नेण्यात आली. निजामशाहीची तोफ आदिलशाहीच्या बुरुजावर चढली. तोफ तीच, धनी बदलला. आपल्या शरीराच्या पहाऱ्यातही असे काही घडते, हे पुण्यातील संशोधनातून दिसून आले.

डॉ. भास्कर साहा यांनी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अनेक वर्षे एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला: प्रतिकार करणाऱ्या पेशी एकमेकींना निरोप कसा देतात? त्यासाठी त्यांनी काळा आजाराच्या जातीतील परजीवी, लिशमॅनिया, अभ्यासाला घेतला. बिहारमधील गरीब वस्त्यांनी काळा आजाराचे फार हाल सोसले. ताप हटत नाही, प्लीहा वाढते, उपचार झाले नाहीत तर रोगी दगावतो. वाळूमाशीच्या चाव्यातून शिरलेला हा परजीवी जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशीतच मुक्काम करतो. चोराने पहारेकऱ्याच्या चौकीतच बिऱ्हाड थाटावे, तसे हे झाले.

या पेशीच्या दारावर सीडी-40 नावाची जणू कडी असते. टी पेशी ती वाजवून पहारेकऱ्याला जागे करते. कडी जोरात वाजली तर निरोप पी-38 या वाटेने जातो, इंटरल्यूकिन-12 तयार होते आणि परजीवी मारला जातो. हळू वाजली तर निरोप ईआरकेच्या वाटेने जातो, इंटरल्यूकिन-10 वाढते आणि परजीवीचे फावते. साहा आणि सहकाऱ्यांनी हे 2004 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये मांडले. उंदरांमध्ये औषधाने निरोपाची वाट बदलली, तेव्हा संसर्ग कमी झाला. साहा यांना 2009 चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. ‘नीट’मध्ये गुण कमी पडले की आपल्या अनेक घरांत मुलीचे विज्ञान तिथेच थांबते. पण रोग्याला शिफा मिळावी म्हणून झटणारे सगळेच दवाखान्यात बसत नाहीत. बीएस्सी, एमएस्सी आणि मग नेट परीक्षा, अशीही एक वाट आहे. त्या परीक्षेतून कनिष्ठ संशोधक म्हणून निवड झाली, तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये विद्यावेतन मिळते. म्हणजे पीएचडीचा सारा भार अब्बांच्या खिशावर पडत नाही. बारावीचा निकाल हाती आला की लेकीशी या वाटेबद्दलही एकदा बोला.