मोटारीतील दिवा आणि एक साधा खटका

मोटारीचे दार उघडले की छतातला दिवा लागतो आणि दार लावले की विझतो. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागील युक्तीकडे सहसा लक्ष जात नाही. परंतु ज्या गाडीत हा दिवा केवळ दारावरच अवलंबून असतो, तेथे अडचण येते. चोर्ला घाटात रात्री गाडी कडेला घेऊन लहान मुलाला औषध पाजावयाचे आहे, अशी कल्पना करा. उजेडासाठी दार उघडावे, तर ते मागून येणाऱ्या ट्रकच्या वाटेत आडवे येते. अशा वेळी हाताने लावता येईल असा खटका असणे ही चैन नव्हे.

तो कोठे बसवावा हे कळण्यासाठी मूळ रचना पाहू. बॅटरीच्या एका टोकाकडून येणारी तार फ्यूजमधून दिव्याकडे जाते. परतीसाठी मात्र स्वतंत्र तार लागत नाही. बॅटरीचे दुसरे टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते आणि सांगाडाच परतीची वाट होतो. बहुतेक साध्या गाड्यांत दिवा आणि सांगाडा यांच्यामध्ये, दाराच्या चौकटीत, एक लहान खटका असतो. लागलेले दार त्याची खुंटी दाबून धरते व वाट तुटते. दार उघडताच स्प्रिंग खुंटीला बाहेर ढकलते, वाट जुळते आणि दिवा लागतो.

आता घराचे उदाहरण घ्या. घराला पुढे आणि मागे अशी दोन दारे असली, तर कोणत्याही एका दाराने आत जाता येते. परंतु आधी फाटक व मग दार अशी रचना असली, तर दोन्ही उघडी असावी लागतात. विजेचेही तसेच आहे. नवा खटका दाराच्या खटक्याला समांतर जोडला, तर दारे बंद असतानाही दिवा लावता येतो. तोच एकामागून एक जोडला, तर दार उघडे असताना दिवा विझवता येईल, पण बंद दाराआड लावता येणार नाही. आपल्याला पहिली रचना हवी.

कृती सोपी आहे. प्रथम बॅटरीची सांगाड्याकडील तार सोडवावी. दाराच्या खटक्याकडून आलेली तार दिव्याच्या ज्या टोकाला लागते, तेथून एक तार नव्या खटक्याकडे न्यावी आणि खटक्याचे दुसरे टोक रंग खरवडून स्वच्छ केलेल्या धातूवर स्क्रूने घट्ट बसवावे. काही गाड्यांत मात्र दाराचा खटका फ्यूजकडील तारेवर असतो. तेथे ही जोडणी केल्यास फ्यूज जळेल. म्हणून आधी तपासदिव्याने खात्री करून घ्यावी. अलीकडच्या अनेक गाड्यांत दिव्याचे नियंत्रण लहान संगणकाकडे असते, आणि छताच्या कडेला व खांबांत एअरबॅग दडलेल्या असतात. तेथे हात न घालता जाणत्या मेस्त्रीकडेच जावे.

खटका आला की विसरही आला. १० वॅटचा दिवा १२ व्होल्टच्या बॅटरीतून ताशी सुमारे ०.८ अँपिअर-तास खर्च करतो. शनिवारी रात्री राहिलेला दिवा सोमवारी सकाळपर्यंत, म्हणजे ३६ तासांत, जवळजवळ ३० अँपिअर-तास खाऊन टाकतो. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते. मग इंजिन सुरू करण्यास बळ कोठून उरणार? यास्तव खटका चालकाच्या हाताशी आणि नजरेत राहील असा बसवावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा दिवा थांबलेल्या गाडीसाठी आहे. अंधाराला पूर्णपणे सरावण्यास डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागतात, आणि आतल्या उजेडाचे प्रतिबिंब पुढच्या काचेवर पडून रस्ता अंधुक होतो. म्हणून गाडी हलण्यापूर्वी दिवा विझवावा.