हाडं बोलतात, पण नाव सांगत नाहीत

रेवदंड्यात आपण समुद्राकाठी राहतो. कधी नुसता सांगाडाच सापडला, तर ओळख पटणार कशी? कमरेच्या हाडावरून बाई की पुरुष ते कळतं, हाडांची टोकं सांधली का यावरून तरुणाचं वय, मांडीच्या हाडावरून अंदाजे उंची. धर्म कळत नाही, नावही नाही. आपल्याच जिल्ह्यात, पेणजवळ गागोदे खुर्दला 2012 मध्ये जळालेले अवशेष मिळाले. ते शीना बोराचे असल्याचं पोलिसांनी सांगितलं 2015 मध्ये. तीन वर्षं बेनाव! डीएनए जुळवायलाही रक्ताचं नातं लागतं. म्हणून घरचं कुणी बेपत्ता असेल तर लाजू नका, पोलिसांत नोंद करा, नमुना द्या. नाहीतर मय्यत बेवारस ठरते आणि जनाज्याला आपलं कुणी नसतं.