हिवाळ्यात सहलीला कुठे जावे?

नाताळच्या सुट्टीत वस्तीवस्तीत बुद्धगया-सारनाथला जाण्याचे बेत सुरू होतात. जरूर जा; पण सोबत कोण आहे ते पाहून महिना ठरवा.

डिसेंबरअखेरीस आणि जानेवारीत बिहार-उत्तर प्रदेशात दाट धुके पडते. गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, थंडीत फलाटावर बसून राहावे लागते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी वाढते. धुक्यात धूर खालीच साचतो, त्यामुळे दमेकऱ्याला धाप लागते. तान्ह्या बाळाचे अंग लवकर गार पडते. म्हणून बीपी, हृदयविकार किंवा दमा असलेले आजी-आजोबा किंवा तान्हे बाळ सोबत असेल, तर ही यात्रा नोव्हेंबरच्या सुरुवातीला किंवा फेब्रुवारीअखेरीस करा.

नाताळातच निघायचे असेल, तर अजिंठा-वेरूळ बरे. प्रवास कमी, दिवसा ऊन सौम्य. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते. अजिंठ्याला पायऱ्या बऱ्याच आहेत; गुडघे दुखणाऱ्यांसाठी तिथे डोली मिळते. आणखी ऊब हवी असेल, तर आंध्रात कृष्णाकाठी अमरावतीचा स्तूप आहे. प्रवास मात्र लांबचा.

कुठेही जा, चार दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. दम्याचा पंप पिशवीत नको, खिशात हवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कधीही झोपू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

घरातल्या सर्वात अशक्त माणसाला झेपेल तेच ठिकाण आणि तोच महिना निवडा.