विंचवाचे विष आणि हृदयातील कॅल्शियम

कुडाळ तालुक्यातील पिंगुळीसह अवघ्या कोकणात आढळणारा लाल विंचू दंश करतो, तेव्हा त्याचे विष मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाहिन्या उघड्या ठेवते आणि त्यामुळे अ‍ॅड्रेनॅलिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही संदेशवाहक रसायने रक्तात प्रचंड प्रमाणात उतरतात. ती हृदयपेशीच्या आत शिरत नाहीत. पेशीपटलावरील बीटा ग्राहींना, म्हणजे संदेश ओळखणाऱ्या प्रथिनांना, ती चिकटली की आत चक्रीय एएमपी हा दुय्यम संदेशवाहक तयार होतो, त्याने जागे केलेले विकर कॅल्शियमच्या वाहिन्यांना फॉस्फेट जोडते आणि प्रत्येक ठोक्याला बाहेरून येणारे कॅल्शियम वाढते. हे कॅल्शियम मात्र केवळ निमित्त असते: ते पेशीतील जाळीदार कोठारावरचे रायनोडिन ग्राही उघडते आणि आकुंचनाला लागणारे बहुतांश कॅल्शियम त्या कोठारातूनच सुटते. ही योजना विलक्षण सुंदर आहे, पण अतिरेकात तीच घातक ठरते; कोठार अवेळी गळू लागले की ठोके बिघडतात.

रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन अल्फा ग्राहींमार्फत कॅल्शियम सोडवून त्या आवळते, त्यामुळे थकलेल्या हृदयावरील भार वाढून फुप्फुसांत पाणी भरते. हेच ग्राही अडवणाऱ्या प्राझोसिनचा उपचार महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केला आणि १९८६ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये मांडला, ग्रामीण रुग्णसेवेतून उभे राहिलेले हे संशोधन भारतीय वैद्यकाचे मोठे संचित आहे. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या किंवा हातपाय गार पडणे दिसताच रुग्णाला तत्काळ दवाखान्यात न्यावे.