काट्यावरच्या कॉम्प्युटरला राखणदार नेमताना



गळीत हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात, चहाच्या टपरीवर एकच चौकशी असते, "काटा बरोबर शे ना, भाऊ?" पूर्वी असं विचारणारा काट्याच्या दांडीकडे बघायचा. आता दांडी गेली. खिडकीत आकडा पेटतो, पावती छापून हातात येते, आणि तो आकडा आला कुठून हे विचारायची सोय राहत नाही. म्हणून या अंकात थोडं त्याविषयी.

काट्याच्या प्लॅटफॉर्मखाली लोडसेल असतात. वजनाचा दाब पडला की त्यांतून विजेचा बारीकसा संदेश इंडिकेटरकडे, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या पेटीकडे, जातो. कोणत्या संदेशाला किती किलो धरायचे हे त्या पेटीतल्या सेटिंगवर ठरतं. तिथून आकडा कॉम्प्युटरात येतो. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजावट, सभासदाचा नंबर, भाव हे सारं पुढे कॉम्प्युटर जुळवतो. यातलं एक सेटिंग हललं तरी पावती सुबकच छापली जाते. वीस टन उसाची गाडी धरा. शंभराला एक एवढाच फरक पडला तर दोन क्विंटल ऊस गेला. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरली. त्या हिशेबाने तोडणी-वाहतूक वजा होण्याआधीचे ७१० रुपये गेले, एका खेपेचे. फरक प्रत्येक वेळी लबाडीनेच पडतो असं नाही. वीज गेली, दुरुस्तीवाल्याने घाईत काही दाबलं, नव्या माणसाने चुकीचा तक्ता उघडला, असंही होतं. पण कधी पडला आणि कोणाच्या हातून, हे कळलं पाहिजे.

त्यासाठी सेटिंगमधले बदल टिपणारी सॉफ्टवेअरं मिळतात. त्यांचं काम अंगठ्याच्या ठशासारखं आहे. महत्त्वाच्या प्रत्येक फाईलचा ते एक आकडेमोडीचा ठसा घेऊन ठेवतात. फाईलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा पार वेगळा येतो, आणि सॉफ्टवेअर तारीख-वेळेसह नोंद करतं. अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठात १९९२ साली ट्रिपवायर नावाचा असा प्रोग्राम तयार झाला. तेव्हापासून ही रीत रुळली.

मात्र इथे दोन गोष्टी विकणारा सहसा सांगत नाही. पहिली म्हणजे, कॉम्प्युटरात बसवलेला राखणदार इंडिकेटरच्या पेटीत डोकावू शकत नाही. तिथे वैधमापन खात्याचं सील, वर्षातून एकदाची पडताळणी आणि प्रमाणित वजनं ठेवून केलेली तपासणी, याला पर्याय नाही. दुसरी अशी की, भावाचे तक्ते ज्या डेटाबेसात असतात त्याची फाईल प्रत्येक गाडीबरोबर बदलतेच. तिचा ठसा घेऊन काही उपयोग नाही. तिथे जुना भाव काय, नवा काय, कोणी आणि केव्हा बदलला, ही नोंद खुद्द ऊस-हिशेबाच्या सॉफ्टवेअरनेच ठेवायला हवी. कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरात अशी नोंद १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची आहे. सहकारी कारखान्यांनी सक्तीची वाट कशाला पहावी?

आता राखणदार निवडायचा कसा. स्वस्तात मिळतं म्हणून कोणाच्या पेनड्राइव्हवरचं, कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर घेणं म्हणजे चोराकडूनच कुलूप विकत घेणं. ते मूळ कंपनीकडूनच घ्यावं आणि त्यावरची डिजिटल सही तपासावी. पण सहीवरही सारा भार टाकता येत नाही. सोलारविंड्स या अमेरिकन कंपनीचं ओरायन हे सॉफ्टवेअर इतरांच्या कॉम्प्युटर-जाळ्यांवर देखरेख ठेवायचं. चोर कंपनीतच शिरले आणि त्यांनी तिच्या अपडेटमध्ये आपला माल मिसळला. सही कंपनीची, खरीखुरी. ते अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांकडे पोचलं आणि डिसेंबर २०२० मध्ये प्रकरण उघडकीस आलं. राखणदाराच्याच घोंगडीखालून चोर आत आले म्हणायचे! म्हणून राखणदाराला गरजेपुरत्याच किल्ल्या द्याव्या. त्याला वाचता यावं, बदलता येऊ नये. नवं अपडेट आधी ऑफिसातल्या एखाद्या वेगळ्या मशीनवर चालवून पहावं, आणि काट्याचा कॉम्प्युटर उघड्या इंटरनेटला जोडूच नये.

आमचं मत विचाराल तर सुरुवात फुकटात होते. विंडोजमध्ये नोंदी ठेवायची सोय मुळातच आहे, फक्त ती नीट चालू करावी लागते. मायक्रोसॉफ्टचंच सिसमॉन मोफत मिळतं. वाझू हे खुलं सॉफ्टवेअरही आहे, पण ते सांभाळायला जाणता माणूस लागतो. सगळंच टिपायला गेलं तर विंडोजच्या स्वतःच्या अपडेटने शेकडो इशारे येतात आणि आठवड्यात कोणी ते वाचत नाही. वजनाचा प्रोग्राम, वापरणाऱ्यांची यादी, घड्याळ, अँटिव्हायरस बंद केला का, दुरून मशीन चालवण्याचं सॉफ्टवेअर कोणी बसवलं का, एवढ्यावर नजर असली तरी पुष्कळ झालं.

राखण नसली तर काय होतं ते सहकारानेच पाहिलं आहे. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तिजोरीला कोणी हात लावला नाही. एटीएमची विचारणा बँकेच्या मुख्य कॉम्प्युटरकडे नेणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी नकली यंत्रणा उभी केली. खात्यात पैसे आहेत का, ही विचारणा बँकेपर्यंत पोचेना, आणि "द्या पैसे" हा होकार मात्र जात राहिला. २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या.

यावरून सर्वांत महत्त्वाचा मुद्दा नोंदी ठेवायच्या कुठे हा. ज्या मशीनवर बदल होतो त्याच मशीनवर नोंद राहिली, तर बदल करणारा जाताना नोंदही पुसून जाईल. ती त्याच घडीला दुसऱ्या मशीनवर गेली पाहिजे, आणि त्या मशीनची किल्ली काटा सांभाळणाऱ्याकडे नसावी. हिशेब तपासणाऱ्याकडे असावी. केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ च्या आदेशात नोंदी १८० दिवस ठेवायला आणि घड्याळं सरकारी वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. आम्हाला १८० दिवस अपुरे वाटतात. ऊस डिसेंबरात तुटतो, अंतिम हिशेब नि वाद पुढच्या पावसाळ्यात निघतात. लेखापरीक्षण पुरं होईपर्यंत तरी नोंदी राहाव्यात.

वार्षिक सभेत सभासदांनी एवढंच विचारावं: गेल्या हंगामात काट्याच्या आणि भावाच्या सेटिंगमध्ये किती बदल झाले, त्यांची यादी कोणाकडे असते, आणि तीच व्यक्ती बदलही करू शकते का? प्रश्न सभेच्या आठ दिवस आधी लेखी दिला तर कार्यालयाला नोंदी काढून ठेवता येतील.