झिरकोनियाच्या कॅपला टाकी

दाताची कॅप निघून हातात आली की आपण सिमेंटला नावं ठेवतो. पण ते बिचारं कशाला धरणार होतं, हेही बघायला हवं. हल्ली पुष्कळ कॅप झिरकोनियाच्या असतात. झिरकोनिया म्हणजे झिरकोनियम धातूचं ऑक्साइड, सुमारे 1500 अंश सेल्सियसला भाजून घट्ट केलेलं. 1975 साली ‘नेचर’मध्ये त्यावरचा गाजलेला निबंध आला, तेव्हा याला सिरॅमिकचं पोलाद म्हणावं का, असा प्रश्न संशोधकांनी मथळ्यातच टाकला होता. अशा पदार्थाला काही चिकटवायचं तर पंचाईतच.

पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घेतात. दंतवैद्यकही पृष्ठभाग खडबडीत करूनच पकड मिळवतं. रंग देण्याआधी धातूला फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे ठाऊक असलेल्या मायकेल बुओनोकोर यांनी 1955 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये दाताच्या एनॅमलवर तेच आम्ल 30 सेकंद ठेवून पाहिलं. त्यामुळे पडलेल्या सूक्ष्म खळग्यांत रेझिन शिरलं आणि रुतून बसलं. पुढे पोर्सिलेनसाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल आलं. ते पोर्सिलेनमधली काच विरघळवतं. मग वर सायलेन लावायचं. त्याचं एक टोक सिलिकाला धरतं, दुसरं रेझिनला.

झिरकोनियात काचच नाही. त्यामुळे हे आम्ल त्याच्यापुढे हात टेकतं. म्हणून अ‍ॅल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा करतात, म्हणजे सँडब्लास्टिंग, आणि वर एमडीपी नावाचं रसायन लावतात. त्याचा फॉस्फेटचा भाग झिरकोनियाला धरतो. रोजच्या कामाला ही जोडी उत्तम आहे. पण मार बसला की पृष्ठभागावरचे काही स्फटिक आपली रचना बदलतात आणि सुमारे 4 टक्के फुगतात. गंमत म्हणजे झिरकोनियाची ताकद याच फुगण्यात आहे: तडा पुढे सरकू लागला की त्याच्या टोकाशी असलेले स्फटिक फुगून त्याला दाबून धरतात. जोरात सँडब्लास्टिंग केलं तर ही शिबंदी आधीच खर्च होते, शिवाय नव्या बारीक चिरा पडतात त्या वेगळ्याच.

मग लेझर का नको? दवाखान्यातला अर्बियम लेझर 2940 नॅनोमीटरचा. तो पाण्यात जबरदस्त शोषला जातो, म्हणून दात कोरायला छान. पण झिरकोनिया कोरडाठाक. निओडिमियम लेझरचा 1064 नॅनोमीटरचा प्रकाश पांढऱ्या झिरकोनियावर बराचसा वाया जातो, म्हणून काहींनी आधी ग्रॅफाइटचा काळा थर देऊन पाहिला. कार्बन डायऑक्साइड लेझर मात्र चांगला शोषला जातो, आणि तिथेच घात होतो. पृष्ठभाग वितळतो, झटकन थंड होतो आणि तडकतो. सिमेंट त्या थराला घट्ट धरतं खरं, पण थरच खालून सुटायला तयार!

म्हणजे अडचण उष्णतेची आहे, आणि तिच्यावरचा उपाय मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत अचाट वाटतो: उष्णता पसरायच्या आत काम उरकायचं. फेम्टोसेकंद लेझरचा एखादा स्पंद 100 फेम्टोसेकंदांचा असतो. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम 30 मायक्रॉन जातो, केसाच्या जाडीहूनही कमी. स्पंदाची ऊर्जा आधी इलेक्ट्रॉनांना मिळते. ती अणूंच्या जाळीत उष्णता म्हणून उतरायला त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर स्पंद संपलेला असतो. त्याच्या टप्प्यातला पदार्थ उडून जातो, शेजाऱ्याला फारशी धग लागत नाही. शिवाय खळगे किती खोल, चरे किती अंतरावर, हे संगणकावर आखून देता येतं. वाळूच्या माऱ्याला अशी शिस्त कुठली? असे अतिशय लहान पण जोरदार स्पंद घडवण्याची युक्ती डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मुरू यांनी 1985 मध्ये दिली, तीही रॉचेस्टरमध्येच. 2018 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. यंत्रं महाग असल्याने कॅपसाठीचं हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळांतच चालतं.

आणि तो नापास झालेला अर्बियम लेझर? त्याला उलटं काम मिळालं आहे. दातावर चिकटवलेला सिरॅमिकचा पातळ व्हेनियर काढायचा असेल तर त्याचा प्रकाश सिरॅमिकमधून आरपार जातो आणि खालच्या सिमेंटमधलं पाणी व उरलेलं मोनोमर तो शोषून घेतात. सिमेंट तुटतं आणि एरवी ड्रिलने कापून काढावा लागणारा व्हेनियर पुष्कळदा अखंड सुटून येतो.